आदेश श्रीवास्तव : जबलपूरचा संगीतकार आणि चाहत्यांची स्मृती

जबलपूर : चित्रपट संगीतकार आदेश श्रीवास्तव यांची जयंती ४ सप्टेंबरला आणि पुण्यतिथी ५ सप्टेंबरला येते. वयाची ५१ वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ५ सप्टेंबर २०१५ रोजी, मुंबईतील कोकिळाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालयात कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यामुळे चाहत्यांना त्यांचे स्मरण सलग दोन दिवस करावे लागते. पहिल्या दिवशी जन्माचा आनंद असतो आणि दुसऱ्या दिवशी अकाली निधनाची हळहळ.

श्रीवास्तव यांचा जन्म १९६४ मध्ये जबलपूर येथे झाला. या शहराच्या जुन्या वस्तीचा मध्यबिंदू म्हणजे बडा फुहारा, मराठीत सांगायचे तर मोठे कारंजे. कारंज्याभोवती विस्तारलेली ही बाजारपेठ वाजंत्री, मिरवणुका आणि लग्नसराईची खरेदी यांसाठी ओळखली जाते. श्रीवास्तव यांच्या ज्या चाली आज सर्वाधिक ऐकू येतात, त्याही अशाच प्रसंगांच्या आहेत. एक विवाहाच्या संगीत समारंभात वाजते, दुसरी होळीला. गाणे सुरू होताच गायक ओळखला जातो, पडद्यावरचा नट आठवतो. मात्र चाल कोणाची, हे अनेकांना सांगता येत नाही. श्रीवास्तव यांचे स्मरण करणाऱ्यांपुढचा खरा प्रश्न हाच आहे.

ड्रम्सवादक ते संगीतकार

श्रीवास्तव यांनी हिंदी चित्रपटसृष्टीत प्रवेश केला तो ड्रम्सवादक म्हणून. ध्वनिमुद्रण कक्षातील वादक हा चित्रपट संगीताचा कणा असतो. पण त्या काळात श्रेयनामावलीत त्याचे नाव क्वचितच येत असे. संगीतकाराने सुचवलेली लय आणि संयोजकाने लिहिलेली सुरावट हाताखालून जात असताना गाण्याची बांधणी समजत जाते. अनेक हिंदी संगीतकार याच वाटेने घडले. श्रीवास्तव यांच्या चालींत तालवाद्यांना मिळालेले अग्रस्थान हे त्यांच्या या उमेदवारीचे फलित मानता येते.

स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांना पहिली मोठी संधी १९९३ च्या सुमारास ‘कन्यादान’ या चित्रपटाने दिली. त्यांचे पहिले ध्वनिमुद्रित गीत लता मंगेशकर यांनी गायले. नवोदित संगीतकारासाठी याहून मोठा शुभारंभ संभवत नाही. तथापि चित्रपट दुर्लक्षित राहिला आणि गाणेही मागे पडले. १९९४ मधील ‘आओ प्यार करें’ आणि १९९६ मधील ‘शस्त्र’ या चित्रपटांतील गीतांनी त्यांचे नाव श्रोत्यांपर्यंत पोहोचवले. पुढे २००० मध्ये डेव्हिड धवन दिग्दर्शित ‘कुंवारा’ आणि २००१ मध्ये ‘बस इतना सा ख्वाब है’ हे चित्रपट त्यांच्याकडे आले.

१९९० मध्ये त्यांचा विवाह अभिनेत्री विजयता पंडित यांच्याशी झाला. ‘लव्ह स्टोरी’ (१९८१) या चित्रपटाची नायिका असलेल्या विजयता या गायिका-अभिनेत्री सुलक्षणा पंडित आणि संगीतकार जोडी जतिन-ललित यांच्या भगिनी, तर मेवाती घराण्याचे गायक पंडित जसराज यांच्या पुतणी. पंडित जसराज यांच्या पत्नी मधुरा या चित्रपती व्ही. शांताराम यांच्या कन्या. या नात्यांमुळे जबलपूरचा हा ड्रम्सवादक एकाच वेळी शास्त्रीय गायकीच्या आणि चित्रसृष्टीच्या मोठ्या कुटुंबाशी जोडला गेला.

तीन गाणी, तीन प्रकृती

श्रीवास्तव यांच्या कामाचा आवाका समजण्यासाठी तीन रचना पुरेशा आहेत.

पहिली करण जोहर दिग्दर्शित ‘कभी खुशी कभी गम’ (२००१) मधील ‘से शावा शावा’. पंजाबी वळणाचे हे समूहगीत कुटुंबप्रमुखाच्या वाढदिवसाच्या प्रसंगी येते. अलका याज्ञिक, सुनिधी चौहान आणि उदित नारायण यांच्यासोबत त्यात मराठी गायक सुदेश भोसले यांचा आवाज आहे. स्वतः श्रीवास्तवही गायले आहेत. महाकोशलात जन्मलेल्या संगीतकाराने पंजाबी ढंगाचे गीत रचावे आणि ते देशभरातील विवाहसोहळ्यांत रूढ व्हावे, ही हिंदी चित्रपट संगीताच्या समावेशक स्वभावाची साक्ष आहे. या प्रसंगात पडद्यावर असलेल्या जया बच्चन यांचा जन्मही जबलपूरचाच, १९४८ चा, हा योगायोग शहरातील चित्रपटरसिकांना विशेष जवळचा वाटतो.

दुसरी रचना रवी चोप्रा दिग्दर्शित ‘बागबान’ (२००३) मधील होळीगीत. ब्रज आणि अवध प्रांतांतील ‘होरी’च्या लोकपरंपरेवर आधारलेले हे गीत अमिताभ बच्चन यांनी गायले. बच्चन यांचे ‘सिलसिला’ (१९८१) मधील शिव-हरी यांनी संगीतबद्ध केलेले होळीगीत आधीच लोकमान्य होते. तब्बल २२ वर्षांनी त्याच आवाजात दुसरे होळीगीत उभे करणे जोखमीचे होते. श्रीवास्तव यांनी ढोलकाच्या ठेक्यावर समूहस्वर आणि एकल स्वर यांची सवाल-जवाबासारखी रचना केली आणि प्रशिक्षित गायकाची हरकत न मागता नटाच्या भारदस्त आवाजाला साजेल अशी चाल दिली. उत्तर भारतात आज दोन्ही गीते धुळवडीला एकापाठोपाठ वाजतात.

तिसरी रचना प्रकाश झा यांच्या ‘राजनीती’ (२०१०) मधील ‘मोरा पिया’. हे गीत श्रीवास्तव यांनी स्वतः गायले. उत्सवी गाण्यांचा संगीतकार अशी त्यांची ओळख रूढ झाली असताना हे विरहगीत आले आणि ठुमरीच्या अंगाने जाणारी त्यांची गायकी श्रोत्यांसमोर उघड झाली. चाहत्यांच्या स्मरणात या गाण्याला वेगळे स्थान आहे, कारण त्यात चाल आणि स्वर दोन्ही त्यांचेच आहेत. शिवाय ते आले त्याच वर्षी त्यांना कर्करोगाचे निदान झाले.

नटांकडून गाऊन घेण्याची हातोटी हे त्यांचे आणखी एक वैशिष्ट्य. गोविंद निहलानी यांच्या ‘देव’ (२००४) मध्ये त्यांनी करीना कपूर यांच्याकडून गीत गाऊन घेतले. ‘चलते चलते’ (२००३), ‘अपहरण’ (२००५) आणि ‘बाबुल’ (२००६) हे त्यांचे अन्य उल्लेखनीय चित्रपट. गीतांबरोबरच त्यांनी पार्श्वसंगीताचेही काम केले.

दूरचित्रवाणीवरील गुरू

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत वाचले जाणारे नाव घराघरांत चेहऱ्यासह पोहोचले ते दूरचित्रवाणीमुळे. ‘झी टीव्ही’वरील ‘सा रे ग म प’ हा कार्यक्रम १९९५ मध्ये सुरू झाला. २००५ मधील ‘सा रे ग म प चॅलेंज’ या पर्वात स्पर्धकांना संगीतकारांच्या ‘घराण्यां’त विभागण्यात आले आणि प्रेक्षकांच्या मतांना निर्णायक महत्त्व आले. आदेश श्रीवास्तव, इस्माईल दरबार, हिमेश रेशमिया आणि जतिन-ललित हे त्या पर्वाचे मार्गदर्शक होते. आसामचे देबोजित साहा विजेते ठरले.

या स्वरूपाने परीक्षकाची भूमिकाच बदलली. गुण देऊन मोकळा होणारा तज्ज्ञ मागे पडला आणि शिष्याच्या बाजूने उभा राहणारा, प्रसंगी वाद घालणारा गुरू पुढे आला. छोट्या शहरांतील मुलामुलींना या व्यासपीठामुळे नामवंत संगीतकारासमोर उभे राहता आले. मराठी प्रेक्षकांना हे स्वरूप पुढे ‘सा रे ग म प’च्या मराठी आवृत्तीतून परिचित झाले. ‘लिटिल चॅम्प्स’ या पर्वाने २००८-०९ मध्ये महाराष्ट्रात जी लोकप्रियता मिळवली, तिची पूर्वपीठिका हिंदीतील अशा पर्वांत होती. तिशी-चाळिशीतील अनेक चाहत्यांना श्रीवास्तव आठवतात ते चित्रपटापेक्षा याच कार्यक्रमातील मार्गदर्शक म्हणून.

आजारपण आणि अखेर

२०१० मध्ये कर्करोगाचे निदान झाल्यावर त्यांनी उपचार घेतले आणि ते पुन्हा कामाकडे वळले. ‘सत्याग्रह’ (२०१३) या प्रकाश झा यांच्या चित्रपटाच्या संगीतकारांत त्यांचे नाव आहे. मात्र आजार उलटला. २०१५ च्या उन्हाळ्यानंतर प्रकृती ढासळत गेली आणि रुग्णालयातच ५ सप्टेंबरच्या पहाटेपूर्वी त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांच्या पश्चात पत्नी व दोन पुत्र आहेत.

श्रेय कोणाचे?

श्रीवास्तव यांचे नाव गाण्यांइतके प्रसिद्ध का झाले नाही, याचे एक कारण त्यांच्या कारकिर्दीच्या काळात आहे. शंकर-जयकिशन किंवा लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या काळी एक चित्रपट बहुधा एकाच संगीतकाराचा वा जोडीचा असे. नव्वदच्या दशकानंतर एका चित्रपटात अनेक संगीतकार ही पद्धत रुळली. ‘कभी खुशी कभी गम’चे मुख्य संगीतकार जतिन-ललित होते, तर संदेश शांडिल्य आणि श्रीवास्तव यांच्या वाट्याला मोजकी गाणी आली. ‘चलते चलते’चे संगीत जतिन-ललित आणि श्रीवास्तव यांच्यात विभागले गेले. ‘बागबान’वर उत्तम सिंग यांचेही नाव आहे. ‘राजनीती’त प्रीतम, शंतनू मोइत्रा आणि वेन शार्प यांच्यासोबत श्रीवास्तव होते. अशा चित्रपटांतील गाणे आठवताना श्रोता बहुधा मुख्य संगीतकाराचे नाव घेतो आणि एका गाण्याचा धनी अनामिक राहतो.

दुसरे कारण प्रसारणाच्या बदललेल्या पद्धतीत आहे. १९५७ मध्ये सुरू झालेल्या ‘विविध भारती’वर गीतापूर्वी चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे सांगण्याचा रिवाज आहे. दोन-तीन पिढ्यांच्या श्रोत्यांना संगीतकारांची नावे पाठ झाली ती या उद्घोषणांमुळे. खासगी रेडिओ, चित्रफिती आणि भ्रमणध्वनीवरील संगीतमंच यांच्यात ही सवय क्षीण झाली. चाहते पुण्यतिथीच्या निमित्ताने चित्रपटनिहाय सूची करतात, कोणती चाल कोणाची याची नोंद ठेवतात. वरवर हौशी वाटणारे हे काम वस्तुतः संगीताच्या इतिहासाचे प्राथमिक दस्तऐवजीकरण असते.

स्मरण आणि स्वामित्वधन

नावाचा प्रश्न भावनेपुरता मर्यादित नाही. संगीतकाराच्या निधनानंतर त्याच्या गीतांचा आर्थिक मोबदला वारसांना मिळतो की नाही, हे त्या नावाची नोंद अचूक आहे की नाही यावरही अवलंबून असते.

सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ विरुद्ध पूर्व भारतातील चित्रपट संघटना या खटल्यात, चित्रपटासाठी मोबदला देऊन करून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक सामान्यतः निर्माता ठरतो, असा निर्णय दिला. न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी त्याला जोडलेल्या टिपणात गायक कलावंतांना कायद्याचे संरक्षण नसल्याकडे लक्ष वेधले. त्यानंतर साडेतीन दशके गीतकार-संगीतकारांची स्थिती फारशी बदलली नाही. एकरकमी मानधन घेऊन सर्व हक्क सोडून देण्याचे करार हाच प्रघात राहिला.

गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि संसदेबाहेर पाठपुरावा केला. स्वामित्व हक्क अधिनियम, १९५७ मधील दुरुस्ती मे २०१२ मध्ये संसदेने मंजूर केली आणि ती २१ जून २०१२ पासून अमलात आली. चित्रपटात समाविष्ट गीत वा संगीताच्या रचनाकाराला, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता अन्य वापराच्या उत्पन्नातील समान वाटा सोडून देता येत नाही, असे ही दुरुस्ती सांगते. हा वाटा केवळ कायदेशीर वारस किंवा नोंदणीकृत संस्था यांच्याकडेच सोपवता येतो. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ची नव्या तरतुदींनुसार २०१७ मध्ये पुन्हा नोंदणी झाली. खासगी रेडिओ केंद्रांनी ध्वनिमुद्रणाबरोबर मूळ शब्द-संगीताचेही स्वामित्वधन द्यावे, असा अंतरिम आदेश मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला.

संगीतरचनेवरील हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि निधनानंतरच्या पुढील कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्या हिशेबाने श्रीवास्तव यांनी एकट्याने केलेल्या रचनांवरील हक्काची मुदत ३१ डिसेंबर २०७५ रोजी संपेल. म्हणजे या चालींची नोंद अचूक राहणे आणखी अनेक दशके महत्त्वाचे आहे. एका चित्रपटाच्या संगीतावर तीन-चार नावे असतील आणि कोणते गीत कोणाचे हे चुकीचे नोंदले गेले, तर मोबदलाही चुकीच्या दिशेने जाण्याचा धोका असतो.

वरातीचा अपवाद

श्रीवास्तव यांच्या लोकप्रिय गीतांच्या बाबतीत एक विरोधाभासही आहे. अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधी आणि अधिकृत समारंभांतील वादनाला हक्कभंगातून सूट आहे; लग्नाची वरात आणि विवाहाशी निगडित सामाजिक सोहळे यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे बडा फुहारा असो, नागपूरची इतवारी असो वा पुण्याची लक्ष्मी रोड, वरातीच्या बँडने गाणे वाजवले तर संगीतकाराला त्यातून काही मिळत नाही. सूट नेमकी कुठपर्यंत, हा मात्र वादाचा विषय आहे. केंद्रीय उद्योग प्रोत्साहन विभागाने जुलै २०२३ मध्ये या तरतुदीकडे लक्ष वेधणारी सूचना काढली. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये याच विषयावर काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केले.

ही सूट समाजाच्या सोयीची आहे आणि सण-समारंभांचे संगीत मुक्त असावे, हा विचारही सयुक्तिक आहे. परंतु ज्या संगीतकाराची ओळखच उत्सवी गाण्यांवर उभी आहे, त्याचे गीत जिथे सर्वाधिक वाजते तिथे ना नाव उच्चारले जाते, ना मोबदला पोहोचतो. अशा वेळी स्मरण करणारे चाहते हेच त्याच्या श्रेयाचे राखणदार उरतात.

बडा फुहारा आणि शहराची सांस्कृतिक परंपरा

आचार्य विनोबा भावे यांनी जबलपूरला ‘संस्कारधानी’ हे नाव दिले. व्यंग्यकार हरिशंकर परसाई आणि कवयित्री सुभद्राकुमारी चौहान यांची ही कर्मभूमी. अभिनेते प्रेमनाथ यांचेही या शहराशी घट्ट नाते होते आणि अभिनेते रघुवीर यादव जबलपूरचेच. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाची स्मृती जपणारे कमानिया गेट बडा फुहाऱ्याच्या परिसरातच उभे आहे. सराफा, कापडपेठ आणि गल्लीबोळांनी वेढलेल्या या भागाला नवरात्रात दुर्गोत्सवाचे रूप येते आणि दसऱ्याची मिरवणूक शहराच्या याच जुन्या अंगाने जाते.

मराठी वाचकांसाठी जबलपूर परके नाही. १८१७ पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती. पुढे मध्य प्रांतात आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत नागपूर हीच या शहराचीही राजधानी होती. पुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला आले. नोकरी, शिक्षण आणि व्यापार यांनिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आजही येथे आहेत. गोलबाजारातील दत्त मंदिर हे त्यांच्या सांस्कृतिक जीवनाचे एक केंद्र राहिले आहे. या कुटुंबांत हिंदी चित्रगीत आणि मराठी नाट्यगीत एकाच बैठकीत गायले जाते.

जबलपूरहून मुंबईला जाऊन नाव कमावणाऱ्या कलावंताला शहर अभिमानाने ‘आपला’ म्हणते. ती आपुलकी टिकायची तर तिला अचूक माहितीची जोड लागते. आकाशवाणीवरील उद्घोषणा, वाद्यवृंदाच्या निवेदकाने गीतापूर्वी घेतलेले संगीतकाराचे नाव, शाळा-महाविद्यालयांतील संगीत विभागांनी केलेली सूची, अशा साध्या गोष्टींतून ती मिळू शकते. होळीला ढोलकाचा ठेका सुरू होईल, लग्नघरात ‘से शावा शावा’ वाजेल, तेव्हा शेजारच्याला ‘ही चाल आदेश श्रीवास्तव यांची’ एवढे सांगणे हे चाहत्याच्या हाती असलेले सर्वांत सोपे स्मरण आहे.